न्हाणीघराच्या भिंतीवरचे ओले हात

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून स्वयंपाकघरात जाणारी बाई. बी.एस्सी. झालेली, शाळेत विज्ञान शिकवलेली. तरीही हे लिहिते आहे... कारण हे मी भर सकाळी, शुद्धीत पाहिलं.

साठ सालानंतरची गोष्ट. हे बेंगळूरच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. आम्ही बसवनगुडीत एक जुनं बैठं घर घेतलं होतं; सासूबाई आमच्याजवळच असत. घर छान, पण न्हाणीघर काळोखं. कोपऱ्यात चूल, तिच्यावर तांब्याचा हंडा, आणि भिंतींचा चुना पोपडे धरून गळणारा. गवंडी मुनियप्पाने तो खरवडून काढला आणि आमचं घोडं तिथेच अडलं. मला पांढऱ्या चकचकीत टाइल्स हव्या होत्या. ह्यांना लाल रंग घालून घोटलेलं सिमेंट. आठवडाभर भिंती तशाच उघड्या, कोरड्या ठणठणीत.

एका सकाळी बघते तर दारापासून चुलीच्या दिशेने, कमरेच्या उंचीवर, ओळीने सहा ओले पंजे! मी मुनियप्पावर चिडले.

"नानल्ला, अम्मा," तो कानाला हात लावून म्हणाला. मी नाही, बाई. "आज पाण्याला शिवलोसुद्धा नाही."

तासाभरात ते वाळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी मी पाळतीवर राहिले. दहाच्या सुमारास पंजे उमटलेले होते – कधी उमटले ते दिसलं नाही. तेवढ्यात सासूबाई अंघोळीला आल्या. त्यांनी डावा हात पहिल्या पंजावर ठेवला, मग दुसऱ्यावर... सहाव्याशी थांबल्या. चूल तिथून हातभर पुढे पेटलेली होती.

"आई, हे तुमचे हात होय! भिंत का ओली करता?"

त्या दचकल्या. मग तिथेच पाटावर बसल्या आणि रडायला लागल्या.

"मला दिसत नाही गं. दोन महिने झाले. नुसतं धुरकट... तुम्हाला कशाला त्रास म्हणून बोलले नाही."

"आणि हे पंजे?"

"कसले पंजे? भिंत मध्ये मध्ये गार लागते, तिथे हात ठेवत येते. गार लागायचं थांबलं की मीही थांबते."

मी त्यांचा हात धरून एका पंजावर टेकवला. भिंतीवरचा पंजा बोटभर लहान होता.

आमच्या आधी या घरात कुणी आंधळं राहत होतं का, ते शेजारच्या सावित्रक्कांना विचारलं. त्या त्याच गल्लीत जन्मल्या, वाढल्या. "त्या घरात आंधळं कुणीच नव्हतं," त्या म्हणाल्या.

टाइल्सचा नाद मी सोडला. भिंती घोटीव सिमेंटच्या केल्या, पण कमरेच्या उंचीवर वीतभर पट्टा मुद्दाम खरखरीत ठेवायला लावला. चुलीच्या हातभर अलीकडे तो संपवला. आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑपरेशन झालं, एका डोळ्याने बरंच दिसू लागलं.

पट्टा झाला त्या दिवसापासून पंजे उमटले नाहीत. ह्यांनी ओल, पाइप, सगळं तपासलं. काही सापडलं नाही, आजही मला काही सांगता येत नाही.

भीती मात्र कधी वाटली नाही. वाटली ती लाज. एका घरात राहून, रोज त्यांना ताट वाढून मला जे दोन महिने कळलं नाही, ते दुसऱ्या कुणाला तरी कळलं होतं.