आधी नाव, मग डाव

आमच्या दोन घरांमधली भिंत इतकी पातळ की पलीकडे कुणी कूस बदलली तरी इकडे माझी झोपमोड होते. पलीकडे दोन भाऊ राहतात. थोरल्याला मी तोंडावर भाऊजी म्हणते, पाठीमागे 'भोंगा'. तो बस स्थानकावर गाड्या पुकारतो आणि शनिवारी संध्याकाळी जुन्या गोदामात कुस्तीचे डाव पुकारायचा. धाकटा आठवडाभर लोकांची कपाटं उचलायचा आणि शनिवारी स्वतःला उचलून आपटून घ्यायचा.

ही कुस्ती म्हणजे दोरांच्या चौकटीतली, चकचकीत चड्ड्यांची. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. मी एकदा भोंग्याला खिजवलं, "भाऊजी, सगळं खोटंच की हो!"

"निकाल खोटा, वहिनी. पडणं खरं."

मग त्याने मला माझ्याच सोफ्यावरच्या उशा घेऊन डाव शिकवले. आडवा उचलून पाठीवर आपटला की बॉडी स्लॅम. भोंग्याच्या भाषेत 'पोतं'. समोरच्याचं डोकं बगलेत धरून त्याला उचललं आणि दोघंही मागे पडले की सुप्लेक्स. म्हणजे 'उलटी गादी'. आणि तसंच डोकं बगलेत धरून, न उचलता, त्याला तोंडघशी पाडलं की डीडीटी, म्हणजे 'खिळा'.

"अहो, पण शेवटच्या दोघांची सुरुवात एकच," मी म्हटलं.

"हात बघू नका, हात फसवतात. पाय बघा. उचलणारा पाय फाकवून बसका घेतो. पाडणारा एक पाय मागे टाकतो."

एवढ्या भांडवलावर हा बाबा डाव व्हायच्या आधीच नाव पुकारायचा. 'आधी नाव, मग डाव' हा त्याचा बाणा. लोकांना वाटायचं, काय जादू आहे! त्याने नाव घेतलं की अख्खं गोदाम तेच नाव ओरडायचं आणि क्षणात डाव व्हायचाच. फुशारकी इतकी की जिन्यात मला बघून 'आता भाजीची पिशवी या हातातून त्या हातात' असंही पुकारायचा. आणि खरंच मी ती बदलत असायचे, मेला!

त्या शनिवारी धाकट्यासमोर एक नवा गडी होता, पावाच्या भट्टीवर काम करणारा. अंगाने दांडगा, स्वभावाने गाय. झटापटीत एकमेकांच्या कानात पुढचा डाव सांगायचा ही त्यांची रीत. धाकट्याने सांगितलं, 'खिळा.' भट्टीवाल्याने डोकं बगलेत धरलं, पाय मागे टाकायला गेला आणि घामावर घसरला. पाय फाकले.

"उलटी गादी!" भोंग्याने पुकारलं.

"गादी! गादी!" आम्ही सगळे. माझा आवाज सगळ्यांत वर, खोटं कशाला बोलू.

भट्टीवाल्याला वाटलं, बेत बदलला. त्याने उचललं. सुप्लेक्सला उचलल्या जाणाऱ्या गड्याने स्वतःही उडी मारायची असते. धाकटा तर पुढे पडायच्या तयारीत होता. अर्ध्यातून सुटला तो मानेवर. पडताना हातांची थाप वाजते, ती वाजली नाही. मी शिट्टी मारली. भोंगा गप्प उभा होता, तर मी शेजारच्या बाईला म्हणाले, "बघा, शेवटी भोंग्याचीही बॅटरी संपली."

दवाखान्याच्या बाकावर भट्टीवाला रडत होता. "काका, मला वाटलं… तुम्ही म्हणालात ना."

भोंग्याने नुसती मान हलवली.

चार महिने झाले. धाकट्याचे हात आले, पाय नाहीत. मानेला पट्टा, त्यामुळे त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. डॉक्टर म्हणाले, या महिन्यात एक बोट जरी हललं तरी आशा धरा, नाहीतर मनाची तयारी करा. महिना आता संपत आला आहे.

भोंगा स्थानकावर जातो, पण काय ते जाणं! गाडी फलाटाला लागते, दार उघडतं, दोन-चार माणसं चढतात, तेव्हा कुठे हा पुकारतो. लोक धावतात आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. माझी स्वतःची गाडी दोनदा चुकली. तिसऱ्यांदा भांडायला गेले आणि त्याचा चेहरा बघून नुसता तिकिटाचा दर विचारून परत आले.

रोज सकाळी व्यायाम घेणारी बाई पाय वाकवून देऊन जाते. मग धाकटा म्हणतो, "दादा, बस पायाशी. पुकार." आणि जोर लावतो. कपाळावरची शीर तट्ट फुगते.

"हललं?"

"नाही."

परवा मी भोंग्याला जिन्यात गाठलं. "एकदा 'हो' म्हणा ना, भाऊजी. पोराचा जीव तरी राहील. आयुष्यभर खोट्या कुस्तीला खरी म्हणालात, एका बोटाचं काय जातंय?"

"जे होणार नव्हतं त्याचं एकदा नाव घेतलं, वहिनी. आता झाल्याशिवाय नाही घेणार."

मी पदराने कठड्याची धूळ पुसत बसले.

आज सकाळी चहा घेऊन गेले. खोलीत हसू आणावं म्हणून म्हटलं, "काय रे, तुझा अंगठा म्हणजे दादाची बस आहे का? उशीर किती!" धाकटा हसला. खरंच हसला. मग त्याने डोळे मिटून जोर लावला. भोंगा पायांवर वाकलेला. मीही बघत होते. पाऊल जसं ठेवलं होतं तसं.

"दादा, तुला तर आधीच कळतं," धाकटा म्हणाला. "पाय बघून सांग ना. येणार आहे का?"

भोंग्याने तोंड उघडलं. मी मागून त्याचा सदरा ओढला, म्हणा, म्हणा हो! त्याने माझा हात हळूच बाजूला केला.

"परत लाव," तो म्हणाला. "मी बघतोय."

धाकट्याने परत जोर लावला. चहावर साय धरली होती. तो कुणाच्या हातात द्यायचा तेच मला कळेना.