सरांचा उपास

हात धुवायच्या नळापाशी मी ओणवी उभी होते. तोंडातून फेसाळ, चिकट लाळ गळत होती, तुटता तुटत नव्हती. मागे पोरं ताटं घेऊन रांगेत. मुख्याध्यापक नाकाला रुमाल लावून म्हणाले, "झालं असंन तं सही करून घ्या मॅडम."

सही म्हणजे शाळेतलं जेवण पोरांना वाढण्याआधी चाखल्याची. वडनेरकडच्या एका खेड्यात मी मास्तरीण. ते काम पंधरा वर्षं माझ्याकडे. नियमाने सरांनीही, म्हणजे मुख्याध्यापकांनीही, चाखायचं. पण सरांचा सोमवारी महादेव, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. उरलेल्या दिवशी ॲसिडिटी. स्वयंपाक करते मायाबाई, आमच्याच बौद्धपुऱ्यातली. मला हे दिसत नव्हतं असं नाही. पण मी खाणारी बाई. ताटभर मसालेभात हाणायचे. वर सर सगळ्यांदेखत म्हणायचे, मॅडमसारखी चव कोणाला कळत नाही. मला तो मान वाटायचा. आता सांगताना लाज वाटते.

मग साखर वाढली, गुडघे गेले, आणि ऑपरेशन करून पोट लहान केलं. वाटीभर वरणाचं पाणी संपवायला अर्धा तास. जेवताना पाण्याचा घोट नाही. भात तर इतक्यात नाहीच, आत अडकतो, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सुट्टी संपवून आले त्या दिवशी सरांना हे सगळं सांगितलं. काही दिवस तुम्ही चाखा, म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"तुमच्यातलीच तं आहे ते बाई. तिच्या हातचं तुमी नाई खाल तं कोन खाईन?"

मायाबाई दारातच उभी होती. तिने ऐकलं. तिच्या तोंडावर नाही कसं म्हणू? दोन चमचे भात खाल्ला. छातीत दगड बसल्यासारखं झालं आणि मी नळाकडे धावले.

किळस त्या लाळेची आली नाही. माझ्या पंधरा वर्षांच्या सह्यांची आली. हा माणूस विटाळ पाळत होता आणि मी ढेकर देत त्याला झाकत होते. थू.

सही केली नाही. तोंड पुसलं. एक ताट वाढून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"सर, चाखा. पोरं थांबून राह्यले."

ॲसिडिटी आहे म्हणाले. मी सह्यांची वही उघडली आणि त्यांच्यासमोर लिहिलं, मुख्याध्यापकांनी आज जेवण चाखले नाही. मग दुसऱ्या मास्तरांनी मुकाट्याने चाखलं आणि पोरं जेवली.

मायाबाई माझा पदर धरून म्हणाली, "मॅडम, माह्यं काम जाईन ना." तिला सांगितलं, जायचंच असेल तर आधी माझं जाईल. सरांनी बदलीची भाषा काढलीच आहे. काढू दे.

ताट रोज त्यांच्या टेबलावर जातं. वहीत रोज तीच ओळ. आता मला थोडा भात पचायला लागलाय. पण त्यांच्या वाटचा घास मी खाणार नाही. ते खातील, नाहीतर का खात नाहीत ते पोरांसमोर बोलतील.