खेळातल्या फुटपाथवर आप्पा

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. लिंबातून रक्त काढणं, हवेतून अंगारा काढणं... या बुवांच्या करामती मी मुलांना स्वतः करून दाखवते आणि त्यामागचं रसायनही सांगते. भुताखेताच्या गोष्टी ऐकून मला भीती वाटत नाही, हसूही येत नाही, सरळ राग येतो. आणि आता मीच हे लिहायला बसलेय.

मी आणि माझी मुलगी केतकी सोलापुरात विजापूर रोडला राहतो. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. माझे वडील, आप्पा, कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये क्लार्क होते. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये भर दुपारी होटगी रोडला एका जीपने त्यांना उडवलं. जागेवरच गेले.

जीपवाला सापडला आणि लगेच जामिनावर सुटलाही. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'मयत अचानक रस्त्यात आल्याने'. जीपवाल्याचं म्हणणंही तेच. आणि मी... मीसुद्धा ते मानलं. आप्पांना ऐकायला कमी यायचं, चालायचे आपल्याच नादात. तेराव्याला मी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले होते की शंभरदा सांगितलं होतं, रस्ता बघून ओलांडा म्हणून.

आता या जूनमधली गोष्ट. रविवार होता, सकाळचे अकरा. केतकी हॉलमध्ये लॅपटॉपवर गेम खेळत होती. गाड्यांच्या शर्यतीचा जुना, परदेशी गेम... काही देशांत त्यावर बंदीसुद्धा आली होती म्हणे. शर्यत नावाला. दुसऱ्याच्या गाड्या फोडायच्या आणि रस्त्यावरची माणसं चिरडायची. माणूस चिरडला की गुण वाढतात आणि टाळ्या वाजतात!

माझं डोकंच फिरलं. ज्या घरातला माणूस गाडीखाली गेला, त्या घरात हा खेळ? मी तिला नको नको ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "आई, ही खरी माणसं नाहीत. आजोबांना मारणारा मोकळा फिरतोय, त्याचं मी काही करू शकत नाही. इथे निदान राग तरी निघतो."

मी तिच्या खुर्चीमागे तशीच उभी राहिले.

स्क्रीनवर परदेशातलं शहर होतं. उंच इमारती, लांब कोट घातलेली माणसं. केतकीची गाडी एका वळणावर आली आणि फुटपाथवर, भिंतीला लागून, काळी छत्री उघडून उभा असलेला एक म्हातारा दिसला. आमच्याकडे पाठ. पांढरा शर्ट, राखाडी पँट, हातात कापडी पिशवी. आणि छत्रीला एका बाजूला आकाशी ठिगळ.

ते ठिगळ मी लावलं होतं. केतकीच्या जुन्या युनिफॉर्मच्या कापडाचं.

मी काही बोलायच्या आधी केतकीच म्हणाली, "आई... आजोबा."

तिने दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले. मी बघितलं, हात हवेत होते. गाडी थांबायला हवी होती, पण ती फुटपाथकडे वळली. रस्ता सगळा मोकळा होता. ती वर चढली, भिंतीला घासत गेली आणि त्यांना मागून धडकली. छत्री उडाली. वर गुण वाढले. टाळ्या वाजल्या.

मी वायर ओढली, पण बॅटरीवर ते चालूच राहिलं. मग मी लॅपटॉपच मिटला.

केतकी मोठी धीराची. तासाभराने तिने तो पुन्हा उघडला. या गेममध्ये खेळलेली फेरी पुन्हा बघता येते. आम्ही दोघींनी ती पाहिली. गाडी तशीच फुटपाथवर चढली, तशीच भिंतीला घासत गेली... पण तिथे कुणीच नव्हतं. मोकळ्या जागेला धडक, आणि गुण मात्र वाढलेले. केतकीने नंतर गेमच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की छत्रीवाला माणूस त्यांच्या खेळात कुठेच नाही.

त्या रात्री माझ्या डोक्यात छत्री नव्हती, तो फुटपाथ होता. आप्पा रस्त्यात नव्हतेच, कडेला उभे होते.

सोमवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी होटगी रोडला गेले. चौदा महिन्यांत त्या जागी पहिल्यांदा. तिथे फुटपाथवर भिंतीच्या सावलीला एक बाई कडक भाकरी आणि शेंगाची चटणी विकत बसतात. महादेवीबाई, रोज मंद्रूपहून येतात. आप्पा त्यांच्याकडूनच भाकरी न्यायचे. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, त्या दिवशी तुम्ही इथं होतात का?

"व्हय की," त्या म्हणाल्या. "रस्त्यात कुटं हुते वो आप्पा? हितं, भिंतीला लागून हुते. मी भाकरी बांदत हुते, ते तिकडं त्वांड करून छत्री धरून हुबे. गाडीच वर आली."

मी विचारलं, मग पोलिसांना का नाही सांगितलं?

"सांगितलं की. ते म्हनले, तुला कोन इचारलं?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी बी न्हाई आलात कवा इचाराया."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी धंदा बंद ठेवून त्या माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आल्या. तिथल्या साहेबांनी आधी तासभर बसवून ठेवलं, मग मला विचारलं, "मॅडम, इतक्या महिन्यांनी अचानक कसं काय आठवलं?"

गेमचं सांगितलं असतं तर त्यांनी आम्हाला हसत हसत बाहेर काढलं असतं. मी म्हणाले, "आठवलं नाही. यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. आता तुम्ही विचारा, आणि त्या सांगतात तसं लिहून घ्या."

बरीच खळखळ झाली, पण जबाब घेतला. वकील म्हणतात, कोर्ट तो लक्षात घेईल. तारखा पडताहेत. जीपवाला अजून मोकळाच आहे.

मी विज्ञानाची शिक्षिका, तेव्हा सगळे प्रश्न स्वतःला विचारून झाले. मनावरचा ताण म्हणावं, तर दोघींना एकच ठिगळ कसं दिसलं? प्रोग्राममधली चूक म्हणावं, तर चुकीला आप्पांची पिशवी कुठून माहीत? वर्गात मी मुलांना सांगते की 'माहीत नाही' हेही प्रामाणिक उत्तर असतं. इथे माझं तेवढंच उत्तर आहे.

पण एक सांगते. महादेवीबाई रोज दहा ते चार त्याच जागेवर बसून होत्या. तिथवर जायला मला कुठल्याही चमत्काराची गरज पडायला नको होती.