संत्र्याच्या सालींचा लेप

हिवाळ्यासाठी आणलेल्या क्रीमचं झाकण उघडलं आणि संत्र्याचा वास आला. सौंसरच्या घरी, पदवीच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी, थंडीने फुटलेल्या माझ्या गालांवर मायने बागेतल्या संत्र्यांच्या साली वाटून फासल्या होत्या.

“माय, आग होऊन राहिली ना!”

“होऊ दे. उद्या मॅडम दिसशील.”

सकाळी गाल टमाटरासारखे लाल झाले. “तुले काही समजते का?” असं ओरडून मी पांढुर्ण्याची बस पकडली.

पास झाले, घरातली पहिली पदवीधर झाले. पण त्या ओरडण्याची मलाच अजून चीड येते. कापूस वेचून मायच्या बोटांना तेव्हा भेगा पडल्या होत्या. त्याच बोटांनी तिने पाट्यावर साली वाटल्या, आणि आग होते म्हणून ओरडत होते मी.