उम्म गस्सानने हॉल उघडला

उम्म गस्सानच्या तोंडाला सीरियाच्या सीमेलगतच्या बेकाच्या खोऱ्यात सहसा कुणी लागत नसे. तिचं खरं नाव राईफा. पण थोरला मुलगा झाल्यापासून सगळे तिला गस्सानची आई, उम्म गस्सान, म्हणूनच ओळखत. नवरा वारला तेव्हा दिरांनी तिला समजावून पाहिलं, लग्नाचा हॉल चालवणं हे बाईमाणसाचं काम नव्हे. तिने किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला आणि त्याच दिरांना खुर्च्या उचलायला लावल्या. पोरं शिकली, परदेशी गेली. हॉल राहिला आणि ती राहिली.

हॉलसमोर रस्त्यापलीकडे बटाट्याचं शेत होतं. सीरियात लढाई पेटली तशी तिकडून माणसं येऊन त्या शेतात उतरली. आधी थोडे तंबू होते. मग इतके झाले की एका तंबूची दोरी दुसऱ्याच्या खुंटीला बांधायची वेळ आली. रेशमी कपड्यातले पाहुणे गाडीतून उतरले की समोर त्यांना चिखल, धूर आणि वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या. ते झाकायला उम्म गस्सानने कुंपणाला लागून सुरूची रोपं लावली.

"झाडं वाढायच्या आत जातील ही माणसं आपल्या गावी," ती शेजारणीला म्हणाली होती.

झाडं डोक्यावर गेली, माणसं तिथेच राहिली. त्या सगळ्या वर्षांत तिची ओळख झाली ती एकट्या अबू खलफशी. तो छावणीचा मुकादम, सीरियातल्या रक्क्याकडचा. ओळख तरी कसली, भांडणच. कधी गटाराच्या पाण्यावरून, कधी पोरांनी हॉलच्या माळेतले दिवे काढून नेले म्हणून.

त्या जानेवारीत सकाळपासून बर्फ पडत होतं. बेकाला बर्फ नवं नाही, पण हे थांबायचं नावच घेईना. दुपारी फाटक वाजलं. बाहेर अबू खलफ उभा होता, मिशा पांढऱ्या झालेल्या.

"बाई, तंबू बसायला लागलेत. लाकडं मोडतायत. एकेका तंबूत तीन-तीन घरं कोंबली, आता तेही वाकलेत. लेकरं रस्त्यावर आहेत."

"मग मी काय करू? बर्फाला सांगू, बाबा थांब म्हणून?"

"हॉल उघडा."

"परवा लग्न आहे इथे! कालच गालिचे धुऊन आलेत माझे."

एरवी अबू खलफ एकाला दोन ऐकवायचा. आज तो नुसता मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या मागे एक मुलगी होती, पायात प्लास्टिकच्या सपाता. ती एक पाऊल दुसऱ्यावर ठेवायची, मग बदलायची.

उम्म गस्सानने किल्ली काढली.

"उभा काय राहिलास खांबासारखा? बोलाव सगळ्यांना! आणि पायातलं बाहेर काढायला सांग. गालिच्यावर कुणाच्या लेकराने मुतलं, तर त्याच्या आईकडून धुऊन घेईन!"

माणसं आली. गाद्या डोक्यावर, म्हातारी पाठीवर, पोरं काखेत. आत आल्यावर मात्र सगळी भिंतीला पाठ लावून अंग चोरून बसली. डोक्यावर झुंबरं लखलखत होती आणि कुणी मोठ्याने खोकायलाही तयार नव्हतं. उम्म गस्सानला ते बघवेना.

"मयताला आलात काय? सरका आत, शेगडीजवळ बसा! मोठं पातेलं खाली काढा कुणीतरी. मसूर आहे, तांदूळ आहे, कांदा चिरणाऱ्या बायका तर पोत्याने आहेत!"

कुणीतरी हसलं. मग हळूहळू आवाज वाढत गेला. कांद्याचा वास सुटला आणि पोरांनी स्टेजवर धुडगूस घातला.

एवढ्यात नौफा नावाची एक बाई रडत पुढे आली. तिचा सासरा, हाजी मुतलक, तंबूतून निघायला तयार नव्हता. अबू खलफ दोनदा जाऊन आला होता. म्हाताऱ्याने त्याच्यावर काठी उगारली होती.

"उचलून आणायचं ना," उम्म गस्सान म्हणाली.

"हात लावला तर शिव्या देतो. माझ्या बापाच्या वयाचा आहे बाई, ओढू कसा?" अबू खलफ म्हणाला.

तिने नवऱ्याचे जुने बूट चढवले आणि निघाली. तो मागोमाग आला.

तंबूचं छत मधोमध पोटासारखं खाली लोंबत होतं. कोपऱ्यात हाजी मुतलक घोंगडी पांघरून बसला होता आणि घोंगडीखाली काहीतरी कुडकुडत होतं. कोंबड्या.

"हाजी, उठा."

"नाही."

"छत पडतंय डोक्यावर."

"पडू दे. एकदा घर सोडून निघालो, पोरी. दोन दिवसांत परत येऊ म्हणून निघालो. आता पुन्हा सोडायचं नाही, ठरवलंय मी."

  सुरूची झाडं लावताना या माणसांनाही परत जायचंय, हे उम्म गस्सानला कुठे ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण कुणाच्या तोंडून ते असं समोर बसून ऐकलं नव्हतं. वर लाकूड करकरलं.

ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "किती कोंबड्या आहेत?"

"चार. यांना टाकून येऊ?"

"टाकून कोण या म्हणालं? त्यांनाही घ्या."

म्हाताऱ्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "लग्नाच्या हॉलात कोंबड्या?"

"यांच्यापेक्षा जास्त कलकल करणारे वऱ्हाडी येऊन गेलेत माझ्याकडे!"

हाजी मुतलक आधी खोकला. मग कळलं, तो हसत होता. त्याने दोन कोंबड्या तिच्या हातात दिल्या, दोन स्वतः घेतल्या, आणि अबू खलफच्या खांद्यावर हात टाकून उठला. तिघे रस्त्याला लागले आणि मागे धप्प आवाज झाला. वळून पाहिलं तर तंबूच्या जागी नुसता पांढरा ढीग.

  उम्म गस्सानने कोंबड्या छातीशी घट्ट धरल्या. त्या ऊबदार होत्या आणि जिवंत होत्या, एवढंच तिला त्या वेळी कळत होतं.

हॉलच्या दारात अबू खलफने घराघराची माणसं हाका मारून पाहिली. प्रत्येक हाकेला ओ आली. कुणी मागे राहिलं नव्हतं. तो तिथेच पायरीवर बसला आणि तोंडावर हात ठेवून रडला. उम्म गस्सानने त्याला रडू दिलं, मग चहाचा पेला हातात दिला.

"पी आता. मिशा वितळतायत तुझ्या."

कोंबड्या नवरीच्या खोलीत ठेवल्या. तिथल्या मोठ्या आरशासमोर त्या आपल्याच रूपाला चोची मारत बसल्या.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यामुलाची आई, उम्म विसाम, बर्फ तुडवत आली आणि दारातच किंचाळली, "हे काय? माझे पाहुणे कुठे बसवू? कोंबड्यांच्या मांडीवर?"

"ओरडू नकोस, लेकरं झोपलीत," उम्म गस्सान म्हणाली.  लग्नाला हॉल द्यायचा शब्द तिनेच दिला होता, तरी ती म्हणाली, "यांना मी बाहेर काढणार नाही. हवं तर गावभर माझं नाव खराब कर."

उम्म विसाम तोंड उघडणार, तोच तिचा फोन वाजला. बैरूतहून नवरीचा बाप बोलत होता. वाटेतली डोंगरावरची खिंड बर्फाने बंद झाली होती. लग्न आठवडाभर पुढे ढकललं तर चालेल का, असं तो बापडा अजिजीने विचारत होता.

"चालेल म्हणजे काय, चालेलच!" उम्म विसाम म्हणाली आणि एका खुर्चीवर धपकन बसली. "देवा रे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, कसं होणार म्हणून." मग शेजारच्या बाईच्या मांडीवरचं तान्हं तिने सहज आपल्याकडे घेतलं. "काय खायला घालता याला? गाल बघा याचे!"

चौथ्या दिवशी ऊन पडलं. पुरुष फावडी घेऊन तंबू उकरायला गेले. उम्म गस्सानने गोदामातल्या जुन्या फळ्या दिल्या, तुटक्या टेबलांचे पाय दिले आणि हॉलच्या जाहिरातीचं, नवरीचं चित्र असलेलं जुनं भलंमोठं कापड दिलं. ते हाजी मुतलकच्या नव्या छतावर चढलं. दुरून पाहिलं की शेतात एक नवरी लालभडक ओठांनी आभाळाकडे बघून हसतेय असं वाटे.

लग्न पुढल्या रविवारी झालं. गालिच्यांना अजून थोडा कोंबड्यांचा वास होता. पण वऱ्हाड इतकं नाचलं की कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. आलं असेल तर उम्म गस्सानला सांगायची हिंमत कुणाला झाली नाही.