मस्कत कणकवलीपेक्षा जवळ!

विमान तिकिटांच्या ऑफिसात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपल्या पायांनी काउंटरवर येऊन उभे राहतात! त्यातून आमचं ऑफिस लालबागला आणि काळ संपानंतरचा. गिरण्यांचे भोंगे गप्प झालेले, घरोघरची पोरं आखाताकडे निघालेली. काउंटरवर मी आणि मागच्या केबिनमध्ये आमचे शेठ. कुणी जरा मोठ्याने बोललं की आतून ओरडायचे, "ये ऑफिस है, मच्छी मार्केट नहीं!"

*

माझं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे सावंतकाका आणि काकू. काका गिरणीत विणकर होते, संपात घरी बसले ते बसलेच. त्यांचा एकुलता एक बबन मस्कतला निघाला होता.

"बाय माझे, किती लांब गो ता?" काकूंनी विचारलं.

"लांब कसलं! अडीच तासांत पोचेल."

"आमका कणकवली गाठूक एस्टीत अख्खी रात जाता! म्हणजे मस्कत गावापेक्षा जवळ. मगे गणपतीक येतलोच!"

तिथे गणपतीची रजा मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्या माउलीला सांगवेना हो!

*

"मधे चायेक खंय थांबता?" हा पुढचा प्रश्न.

"विमान मधे थांबत नाही, काकू."

"अरे देवा! मगे डायवर उपाशी?"

बबन गेला तेव्हा त्याच्याकडे दोन डबे होते. पायलटचा डबाही त्यानेच खाल्ला म्हणे!

*

काकांचं भांडण वेळापत्रकाशी. विमान इथून दहाला सुटतं, तिथे अकराला उतरतं. परत येताना मात्र चार तास! तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं, हे मी परोपरीने समजावलं.

"आम्ही जन्मभर भोंग्यावर चाललो, आम्हाला घड्याळ शिकवू नकोस," काका म्हणाले. "जाताना पटकन, येताना उशीर. बरोबर छापलंय त्यांनी."

*

दोन गणपती गेले, बबन काही आला नाही. एकदा काकू हळूच येऊन म्हणाल्या, "खरा सांग हां. विमानवाल्यांचो संप नाय मा?"

ऑफिसात कुणीच हसलं नाही. मला तर रडूच आलं.

*

आणि मग बबनला रजा मिळाली, ऐन गणपतीत! ज्या दिवशी तो निघणार, त्या दिवशी काका नारळ घेऊन हजर, मागोमाग काकू. नारळ थेट माझ्या काउंटरवर, वेळापत्रकासमोर! डोळे मिटून काकांनी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! माझो झील जातना एका तासात गेलो. येतना चार तास लागतत, असा ही बाय म्हणता. ती वाट जरा आखूड कर आणि पोराक सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी रांग ओरडली.

केबिनचं दार धाडकन उघडलं. मेले, म्हटलं आता! शेठ ताडताड बाहेर आले, नारळाकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. बूट काढले, हात जोडले आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडले,

"व्हय म्हाराजा!"