शेवटचा आकडा

मुंजाजीराव ऑफिसात आले की खुर्चीवर बसण्याआधी एकच प्रश्न विचारत, "आज कोण गप हाय?" आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात बाकी सगळे आज कोण ओरडलं याची चौकशी करत. बहुतेक वेळा ते साहेबच असत.

गावोगावच्या टाक्यांवरची यंत्रं मोबाइलच्या नेटवर्कवरून मुंजाजीरावांच्या संगणकाला खबर देत: पाणी किती, पंप चालू की बंद, क्लोरीन किती. कुठली खबर दाखवायची, कुठली गाळायची, किती वेळ संपर्क तुटला तर त्या टाकीचा ठिपका लाल करायचा, हे ते ठरवत. मी शेजारी बसून पत्रव्यवहार सांभाळायचो. माझ्या खणात पुस्तक असे म्हणून मी 'पंडितजी'. "पंडितजी, ओरडणाऱ्याची फिकीर नका करू. ओरडायलाय म्हंजे जित्ता हाय. गप बसलेल्याकडं बघा."

मग भिंतीवर मोठा स्क्रीन लागला. उद्घाटनाला मंत्री येणार म्हणून फुलांची कमान, कमानीखाली गालिचा आणि गालिच्याखाली सगळ्या वायरी. आमच्याकडे नेटवर्क घटकेघटकेला जातं, त्यामुळे तालमीत नकाशाभर लाल ठिपके उठले.

"नकाशाला गोवर आलाय का?" साहेब म्हणाले. "उद्या लाल दिसता कामा नये."

"साहेब, मग तुटलेलं बी हिरवंच दिसंल."

"एका दिवसाचा प्रश्न आहे, मुंजाजीराव."

मुंजाजीरावांनी संपर्क तुटल्याच्या साऱ्या खबरा गाळून टाकल्या. आता एखादी टाकी मुकी झाली तरी तिचा शेवटचा आकडा स्क्रीनवर तसाच राहणार होता. मंत्र्यांनी फीत कापली आणि जिल्हा हिरवागार झाल्याचं जाहीर केलं. ऐन उन्हाळा होता.

दुसऱ्या दिवशी मुंजाजीराव खबरा गाळणारा तो फिल्टर काढायची परवानगी मागायला गेले. "राहू द्या," साहेब म्हणाले, "लोक बघायला येतात." त्यांनी पुन्हा विचारलं, आणखी एकदा विचारलं, मग सोडून दिलं. सकाळचा तो प्रश्नही त्याच सुमारास बंद झाला.

पावसाळ्यात पालमकडच्या एका टाकीवरचं यंत्र जळालं. पुढे तिथलं क्लोरीनही संपलं. भिंतीवर मात्र यंत्र जळण्याआधीचा आकडा हिरव्या ठिपक्यात झळकत राहिला. गावात हगवण पसरली. तिसरीतली एक मुलगी गेली.

चौकशी झाली. स्क्रीन निर्दोष सुटला. साहेबांचा हुकूम तोंडी होता, तो तोंडातच राहिला. फिल्टर ज्यांच्या हातानं लागला ते मुंजाजीराव निलंबित झाले आणि पिंगळीला आपल्या घरी जाऊन राहिले. बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्याला. मी म्हणालो, "रोज सकाळी फोनवर दोन शब्द टाकत जा."

"म्हंजे आता मी बी एक टाकी का, पंडितजी?" ते हसले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी निरोप येऊ लागला: 'चालू हाय.'

एकदा भेटायला गेलो तर स्टेशनच्या बाकावरच बसलेले दिसले.

"त्या पोरीच्या घरी जाऊन आलो," ते म्हणाले. "तिच्या बापाला सांगितलं, हे माझ्या हातानं झालं. त्यो उठला. मला वाटलं, आता मारतंय. तर आत गेला आन् तांब्याभर पाणी घेऊन आला. पाव्हण्याला देत्यात तसं."

"प्यालात?"

"न्हाई कसं म्हणावं? त्याच टाकीचं होतं."

मी शिकल्यासवरल्या माणसासारखं सांत्वन केलं. म्हणालो, "तुम्ही काही खोटा आकडा घातला नव्हता."

"खोटा नव्हताच की. जुना होता." गाडी आली, गेली. "मारलं असतं तर बरं झालं असतं, पंडितजी."

पुढे एका सकाळी नेहमीसारखा निरोप आला. मी निवांत कामाला लागलो. डबा खाल्ला, दोन पत्रं रवाना केली. संध्याकाळी त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. मुंजाजीराव दुपारीच गेले होते, बसल्या जागी.

भिंतीवर जिल्हा अजून हिरवा आहे. साहेबांची बढती झाली. मी कधीकधी फोन उघडून मुंजाजीरावांच्या नावापर्यंत जातो. तिथं शेवटचा निरोप तसाच आहे: 'चालू हाय.'

खोटा नाही. जुना आहे.